ओल्या पडद्याची मागची बाजू

मी पडद्यामागे बोलत असे. नाटकातल्यासारखं नव्हे. खरोखरच पडद्याच्या मागे, जमिनीवर, बायकांच्या घोळक्यात बसून. हा धंदा आता कोणी करत नाही आणि पुढे कोणी करील असंही वाटत नाही. म्हणून 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा एका मासिकाचा निरोप आला तेव्हा मी आधी शाळेविषयीच लिहायला बसले होते. चार ओळी लिहून कागद बाजूला ठेवला. शाळेत मी रोज शिकवते, त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही, आणि न घडलेलंच बरं. सांगण्यासारखं आहे ते त्याआधीचं. ते आठवलं की मला दमायला होतं. वय तिशीच्या आत असताना दमणं शोभत नाही, पण होतं.

लढाईच्या दिवसांत सातारा जिल्ह्यात सरकारी प्रचाराची एक लॉरी फिरत असे. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या अंगाला पिंपाएवढी शेगडी होती आणि चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. लॉरीत एक जादूचा कंदील, काचेवरच्या चित्रांची पेटी, दोन बांबू आणि एक मोठा पांढरा पडदा. पडदा म्हणजे दोन धोतरं मधोमध शिवलेली. माणसं तीन. व्याख्यान द्यायला भाऊसाहेब, ते निवृत्त शाळा तपासनीस होते. लॉरी हाकायला आणि कंदील चालवायला गुंडू, त्यानं पूर्वी एका नाटक मंडळीत बत्त्या सांभाळल्या होत्या. आणि बायकांसाठी मी.

कंदिलाची गंमत अशी, की काच आत उलटी घालावी लागते, तेव्हा बाहेर चित्र सुलटं पडतं. आणि पडदा कोरडा असला तर चित्र एकाच बाजूनं दिसतं. तो चिंब भिजवला की उजेड कापडातून पार होतो आणि पाठीमागेही तेच चित्र उमटतं, फक्त आरशातल्यासारखं, उजव्याचं डावं झालेलं. खेड्यात पुरुष आणि बायका एका बैठकीत बसणार नाहीत. म्हणून पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये ओलं कापड. भाऊसाहेब पुढून मोठ्या आवाजात बोलायचे. मागे त्यांचं निम्मं ऐकू यायचं नाही आणि उरलेलं निम्मं कळायचं नाही. ते सगळं मी हळू आवाजात, बायकांच्या भाषेत सांगायचं, हे माझं काम.

मी हे काम का घेतलं ते सांगायला हवं, कारण ते घेतलं म्हणून माझ्या भावानं माझं नाव टाकलं होतं. आमचं घर सांगलीचं, हळदीच्या व्यापारातलं जैन घर. घरात दोनच प्रकारचे कागद यायचे, हळदीच्या भावाचे आणि भावानं आणलेली पत्रकं. ती पत्रकं पिवळट, खरखरीत, हाताला शाई लागणारी. चौदाव्या वर्षापासून मी ती वाचत आले. इटलीत काळे सदरे घालून गुंड गावोगाव कसे फिरले, कामगारांच्या कचेऱ्या कशा जाळल्या, मग त्याच गुंडांच्या पुढाऱ्याला राजानं बोलावून राज्य कसं दिलं. जर्मनीत एका जातीच्या लोकांची दुकानं कशी फोडली आणि शेजारी खिडकीतून कसे बघत राहिले. स्पेनमध्ये काय झालं. माझ्या मैत्रिणी उखाणे पाठ करत होत्या तेव्हा मला हे पाठ होतं. बेचाळीसच्या पावसाळ्यात भावाला पकडून नेलं. थंडीत मी सरकारची नोकरी धरली. तुरुंगातून त्यानं एवढंच कळवलं, की मला बहीण नाही.

मला दोन्ही राग एकाच वेळी येत होते. ज्या सरकारनं माझ्या भावाला कोंडलं, त्याचाही. आणि ज्यांनी अर्धं जग कोंडलं, त्यांचाही. मला वाटायचं, हे दुसरे जिंकले तर पहिल्यांशी भांडायलाही कोणी उरणार नाही. अजूनही वाटतं. पण हे एका दमात कोणाला पटवून देता येत नाही, आणि मी त्या वेळी सगळं एका दमातच बोलत असे.

कृष्णाकाठच्या गावांत तेव्हा सरकारी गाडीला कोणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं. म्हणून आम्हाला पूर्वेकडे, कवठे महांकाळच्या माळावर धाडलं. तिकडे पाणीच नव्हतं, विचारायचं कोणी. जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस पलटणीत. ज्या गावाची मी गोष्ट सांगते आहे तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो ते संक्रांत होऊन गेल्यावर. गुंडूनं बांबू रोवले, पडदा ताणला आणि पाटलाच्या माणसाला म्हणाला, "चार घागरी पानी लागंल."

"प्यायला?"

"न्हाई रं. धोतराला."

तो माणूस बराच वेळ गुंडूकडे बघत राहिला. मग बायकांना सांगावा गेला आणि त्यांनी लांबच्या विहिरीवरून घागरी आणल्या. डोक्यावरची घागर उतरवताना एक बाई म्हणाली, "आमच्या पोरान्ला आंगुळीला पानी न्हाई आन् सरकारचं धोतार न्हातंय." ती हौसाबाई. तिशीची असेल, उंच, दात किंचित पुढे. बोलताना हसायची नाही, त्यामुळे बाकीच्या जास्त हसायच्या.

माझं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं. लॉरीच्या पायरीवर बसून मी भाकरी खायची, तोवर पुढे माणसं जमायची. अंधार पडला की गुंडू बत्ती लावी आणि काम सुरू.

पहिलं चित्र गच्चीतल्या माणसाचं होतं. कमरेवर हात, छाती पुढे, हनुवटी वर.

"ह्यो कोन?" मागून एकीनं विचारलं.

"हा इटलीचा हुकूमशहा. म्हणजे तिकडे तो म्हणेल तेच होतं."

हौसाबाईनं नीट बघून घेतलं. "जावई दिसतोय. रुसल्याला."

सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. मी तयारी करून आले होते. भांडवलदार, कारखाने, कर्ज, पहिली लढाई, सगळं क्रमानं सांगणार होते. तोच हौसाबाई म्हणाली, "बाई, मग आमचं कारभारी ह्येच्याकडंच हाईत का?"

हसणं थांबलं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तिचा दाल्ला आफ्रिकेत लढाईला गेला. ततनं धरून न्हेला इटलीला."

मी हो म्हटलं.

"खायाला घालतो का?"

मला माहीत नव्हतं. पत्रकांत ते नसतं. मी म्हटलं, घालत असेल, कायदा आहे तसा. तिनं माझ्याकडे न बघता चित्राकडेच बघत विचारलं, "ह्येच्या घरात कुनी मोठं मानूस न्हाई का? आई, थोरली भन? आसं नगं करू म्हननारं?"

"होते काही. घरात नव्हे, देशात. एकाला मारलं. एकाला बेटावर नेऊन टाकलं. एकदम नाही केलं. आधी एक नेला तेव्हा शेजाऱ्यानं दार लावून घेतलं. मग शेजाऱ्याला नेलं."

इतकं थोडक्यात मी त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. तिनं मान हलवली. दार लावून घेणारे शेजारी तिच्या ओळखीचे असावेत.

पुढची काच सरकली. मोठा चौक, हजारो माणसं, सगळ्यांचे हात तिरपे वर. पडद्याच्या पुढून, पुरुषांच्या बाजूनं, एक मोठा सुस्कारा ऐकू आला. भीतीचा नव्हता. बैलांच्या शर्यतीत चांगली जोडी सुटली की निघतो तसा होता. भाऊसाहेब तिकडे सांगत होते की बघा, माणसाचं मेंढरू कसं होतं. एक आवाज म्हणाला, "काय लाईन हाय गड्या."

मागे वेगळीच चर्चा चालू होती. "डाव्या हातानं? आगं, डाव्या हातानं कुनी रामराम करतं का?" मी सांगितलं की आपण मागून बघतोय म्हणून डावा दिसतो, खरं तर तो उजवा आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर गावचे सुभेदार भाऊसाहेबांना भेटायला आले. पहिल्या लढाईत जाऊन आलेले, मिशा पांढऱ्या, पाठ अजून सरळ. गावची भरती त्यांच्या शब्दावर चालत होती. त्यांनी एकच चित्र पुन्हा बघायला मागितलं. चौकाचं. गुंडूनं काच लावली. सुभेदार पडद्याजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढी मानसं, आन् एक हात खाली न्हाई."

"म्हणूनच ते भयंकर आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"व्हय, व्हय," सुभेदार म्हणाले. नजर पडद्यावरून हलली नाही.

त्यानंतर आम्ही पुष्कळ गावं केली. या धंद्यात बाहेरच्या माणसाला वाटतं त्यापेक्षा गमतीच जास्त होत्या. एका गावात पडद्यामागे म्हैस बांधलेली होती, ती चित्रातल्या तोफेला घाबरून दावं तोडून गेली. एका गावात एका आजीनं जर्मनीच्या हुकूमशहाच्या मिशा बघून विचारलं की वस्तरा मधेच मोडला का. मी तिला सांगितलं, असल्या हसू येणाऱ्या माणसांनाच आधी कोणी मनावर घेत नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. रात्री मी भाऊसाहेबांशी वाद घालायची, की आपण चित्रं दाखवतो पण कारणं सांगत नाही. ते म्हणायचे, "कारणं सांगायला सरकार पगार देत नाही, बाई." त्यात खोटं काही नव्हतं.

वैशाखात आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. लॉरी वेशीजवळ आली आणि गुंडूनं ब्रेक लावला. वेशीच्या दोन्ही बाजूंना पुरुष ओळीत उभे होते. सुभेदारांनी काहीतरी ओरडून सांगितलं आणि सगळ्यांचे उजवे हात तिरपे वर गेले. थोडं पुढे, पिंपळाखाली, बायका उभ्या होत्या. त्यांनीही हात वर केले. डावे.

गुंडू स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "हात खाली," ते उतरता उतरता म्हणाले, "अहो, हात खाली घ्या. हे शत्रूचं आहे."

सुभेदार गोंधळले. "आवं, तुमीच दावलंय की. सरकारी सलाम न्हवं ह्यो?"

मी बायकांकडे गेले. हौसाबाईचा हात अजून वर होता, दुसऱ्या हातात घागर. "बाई, बराबर हाय न्हवं? तुमी दावला तसाच केलाय." आणि मग आवाज खाली आणून, "पुरुषान्नी उलटा केलाय बगा."

आम्ही तिघेही हसलो, भाऊसाहेबसुद्धा. हसून झाल्यावर सुभेदार आम्हाला चावडीत घेऊन गेले आणि चहा पाजत सगळं सांगितलं. त्यांना सांगायचा आनंद होता. पूर्वी या गावात पाच माणसं जमली की रात्र उलटायची, प्रत्येकाचं वेगळं. भरतीला कोणाचं पोरगं द्यायचं यावर डोकी फुटायची. आता तसं नाही. बैठकीत ते एका घराचं नाव घेतात, त्या घरातल्या माणसाचं नाव घेतात, आणि पसंत असेल त्यानं हात वर करायचा. एकाचा वर गेला की सगळ्यांचे जातात. "कुनी न्हाई म्हनत न्हाई, साहेब. म्हननार कसं? सगळ्या गावाचा हात वर, आन् तुजा खाली?" ते हसले. "तुमचं चित्र लय गुनाचं. आज बी खेळ झाला की एक नाव घ्यायचं हाय. काच तीच लावा."

मी भाऊसाहेबांना बाहेर बोलावलं. त्यांना मी काय काय म्हणाले ते आता सगळं आठवत नाही. पत्रकांतली वाक्यंच असणार. की हे असंच सुरू होतं, काळे सदरे नंतर येतात. की आपण रोग दाखवायला आलो आणि रोग देऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला. "सातारच्या साहेबांना हे गाव नमुन्याचं वाटतं," ते म्हणाले. "भरती चांगली आहे. आणि भरती वाईट का आहे, बाई? तुम्हीच सांगता ना, तो हरला पाहिजे म्हणून? मग माणसं लागतील."

"लागतील. पण अशी नकोत."

"कशी हवीत ते साहेबांना लिहून कळवू?" ते चिडून नाही, थकून म्हणाले.

गुंडू जवळच शेगडीत कोळसा भरत होता. "बाई, काच फुटली म्हनू का? फुटत्यात काचा."

मी नको म्हटलं. दोष काचेचा नव्हता.

विहिरीवर गेले तर हौसाबाई पोहरा ओढत होती. वैशाखात विहिरीच्या तळाला चिखलच होता, घागर भरायला वेळ लागत होता. तिला ठाऊक होतं आज कोणाचं नाव आहे ते. तिच्या घराचं. तिचा दीर, नाना. अठरा-एकोणीस वर्षांचा. घरात सासू आंधळी, नवरा इटलीत, चार बिघे कोरडवाहू जमीन आणि ती करणारा एकटा नाना.

"म्या गेल्ते सुभेदाराकडं," ती म्हणाली. "म्हनाले, बाईमानसानं चावडीवर यायचं न्हाई. म्हनलं, मग तुमी घराकडं या, बोलू. आलं न्हाईत. आमच्या घरातला एक दिलाय की वो. त्यो कुटं हाय त्येचा पत्त्या न्हाई."

मी विचारलं, "नानाला काय वाटतं?"

पोहरा अर्ध्यात थांबला. "त्येला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. मग दोर पुन्हा ओढत म्हणाली, "म्या बी न्हाई."

मला तिला काहीतरी ठाम सांगायचं होतं. लढाई न्याय्य आहे हे मला खरं वाटत होतं. तिचा नवरा ज्याच्या कैदेत होता त्याला हरवायला कोणाचा तरी दीर जाणारच होता, हेही खरं होतं. आणि संध्याकाळी जे होणार होतं ते नीच होतं, तेही. तिन्ही गोष्टी माझ्या तोंडात एकदम आल्या आणि मी तिच्या घागरीला हात लावून ती उचलू लागले. एवढंच.

त्या संध्याकाळी वारा गरम होता. पडदा भिजवला की पुन्हा सुकायचा. बायका तांब्यानं पाणी शिंपत होत्या, आणि प्रत्येक तांब्याला एकेक उसासा. भाऊसाहेब त्या दिवशी फार चांगलं बोलले. माझं ऐकलं होतं त्यांनी. चौकाचं चित्र लागल्यावर त्यांनी सांगितलं की यातल्या एकानं जरी हात खाली ठेवला असता तरी दुसऱ्याला धीर आला असता. पुरुष शांतपणे ऐकत होते. मग सुभेदार उठले, भाऊसाहेबांचे आभार मानले, आणि गुंडूला म्हणाले, "तेच ऱ्हाऊ दे, गड्या."

मागे बसून मला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. सुभेदारांनी घराचं नाव घेतलं. नानाचं नाव घेतलं. "पसंत हाय त्येनी हात." कापडांची सळसळ झाली. पडद्यावर त्या परक्या चौकातले हात होते, आणि पलीकडे गावातले हात वर गेले असणार, हे सगळ्या बायकांना कळलं. एकीचा नवरा तिकडे होता, एकीचा मुलगा, एकीचा बाप.

हौसाबाई मला म्हणाली, "बाई, तकडचं हात मोजत्यात. आमचं?"

मी म्हटलं, "मागची बाजू त्यांना दिसत नाही."

ती उठली. बांबूजवळ गेली, गुंडूनं बांधलेली दोरी दोन हातांनी सोडली. माझ्या बाजूच्या म्हातारीनं काय चाललंय ते बघितलं आणि ती दुसऱ्या बांबूकडे गेली. तिला गाठ सुटेना, तेव्हा आणखी दोघी गेल्या. भिजलेला पडदा जड असतो. तो हळू उतरला नाही, धपकन खाली पडला.

कंदील चालूच होता. पडदा गेल्यामुळे ते चित्र सरळ आमच्यावर आलं. चौक, माणसं, वर केलेले हात, सगळं बायकांच्या तोंडांवर, लुगड्यांवर, मांडीवरच्या झोपलेल्या मुलांवर पसरलं. उजेडानं माझे डोळे दिपले. मग हळूहळू समोरचे पुरुष दिसायला लागले. सगळे हात वर करून उभे होते आणि समोर त्यांच्या बायका, आया, सासवा, खाली बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

बायकांनी पदर डोक्यावर ओढले. पण कोणी मान खाली घातली नाही.

"काय ह्यो चावटपना?" सुभेदार म्हणाले. "पडदा कुनी सोडला?"

"आमच्या पान्यानं भिजला हुता," हौसाबाई म्हणाली. "आमी सोडला."

पुढच्या ओळीतल्या एकाला तेवढ्यात पागोटं सारखं करायची गरज पडली. हात खाली आला. त्याच्या शेजारच्याला मान खाजवायची होती. एकाची सासू समोर बसली होती, त्यानं तर हात पाठीमागेच नेला. असे ते उतरत गेले. सगळे नाही. सुभेदारांचा शेवटपर्यंत वर होता, आणि त्यांच्या मागच्या दोघा-तिघांचा. म्हातारी बांबूजवळून म्हणाली, "सुभेदार, घ्या की खाली. अवघडला आसंल."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सुभेदारांनी हात खाली घेतला, काठी उचलली आणि निघून गेले. त्या दिवशी नानाचं नाव लागलं नाही. नाना कुठे होता ते मी बघितलं. अगदी मागे, एका झाडाला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा होता.

इथे ही गोष्ट संपवावी असं मला फार वाटतं. पण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पत्रकं अशाच जागी संपतात, आणि माणसं तिथे थांबत नाहीत हे मला नंतर कळलं.

भाऊसाहेबांनी साताऱ्याला कळवलं की वाऱ्यानं पडदा पडला. त्यांचा स्वभाव पाहता हे फार मोठं धाडस होतं. पण सुभेदारांनीही कळवलं होतं. महिन्याभरात हुकूम आला: यापुढे पडदा ओला करू नये, पाण्याची नासाडी होते. एवढंच. कोणाला दोष नाही, कोणाला शिक्षा नाही. कोरड्या पडद्याला मागची बाजू नसते. मागची बाजू नाही म्हणून बायका नाहीत, आणि बायका नाहीत म्हणून मागे बोलणारी नाही. माझी नोकरी इतक्या स्वच्छपणे गेली की मला भांडायलाही जागा सापडली नाही. गुंडूनं सांगलीपर्यंत आणून सोडलं. उतरताना म्हणाला, "बाई, काच फोडली आसती तर बरं झालं आसतं. दुसरी मागवली आसती."

त्याच पावसाळ्यात इटलीतला तो गच्चीवरचा सत्तेवरून पडला. तोवर मी शाळेत लागले होते; बातमी वाचली तेव्हा मी आनंदानं ओरडायला हवं होतं. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि मुलांच्या वह्या तपासायला बसले.

लढाई संपल्यावर वर्षभरानं हौसाबाई सांगलीला आली. गणपतीच्या दर्शनाला आली होती, माझं घर विचारत विचारत आली. बरोबर नवरा. खांदे रुंद, बाकी सगळा वाळलेला माणूस. तो इटलीच्या डोंगरात एका शेतकरीण म्हातारीच्या गोठ्यात महिनोन्‌महिने लपून राहिला होता, तिला तो आईच म्हणत होता. मी त्याला विचारलं, गच्चीवरचा पडला तेव्हा तिथले लोक काय म्हणाले. तो थोडा हसला. "कुनी कवा हात वर केलाच नव्हता म्हनत्यात. एकानं बी."

"आमच्या गावात बी तसंच," हौसाबाई म्हणाली. "त्या दिशी कुनाचा हात वर हुता म्हून इचारा. सुभेदार सोडलं तर कुनाचाच न्हाई."

मी नानाचं विचारलं. तिनं पदर सारखा केला.

पडदा सोडला त्या वर्षी सुगी झाल्यावर नाना एका सकाळी चुलीपाशी येऊन बसला होता. पोरं त्याला वहिनीच्या पदराआडचा म्हणून चिडवत होती, ते तिला ठाऊक होतं. पण तो त्यातलं काही बोलला नाही. म्हणाला, "वैनी, दादा तकडं हाय. मी जाऊ का?" तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही, नांगराच्या कामाला लागला. तिसऱ्या दिवशी तिनं जा म्हटलं. तो कराडला जाऊन भरती झाला. इटलीतच धाडलं त्याला. तिथल्या एका नदीवर मारला गेला. त्याचा भाऊ तेव्हा तिथून फार लांब नव्हता, हे हौसाबाईला आणि नवऱ्याला नंतर कळलं.

 माझ्या मनात एकच विचार येत होता, आणि तिनं तो ओळखला.

"तुमाला वाटत आसंल, मग पडदा सोडून काय झालं," ती म्हणाली.

नवरा बाहेर बघत होता. मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.

"तवा न्हेला आसता त्येला," हौसाबाई म्हणाली. "बांधून न्हेल्यावानी. आता त्यो परत आला न्हाई, बाई. पर मला इचारून गेला."

मग तिनं पिशवी उचलली, आणि मोटार किती वाजता सुटते ते विचारलं.